जरा धडपडत या

"ताई, आत गेल्यावर जरा धडपडा."

माणिक माझ्या कानाशी येऊन हे म्हणाला तेव्हा मला वाटलं, हा थट्टा करतोय. क्रीडासंकुलाच्या व्हरांड्यात आम्ही बाकावर बसलो होतो आणि समोरच्या खोलीत माझी चौकशी व्हायची होती. चौकशी कसली, तर मला दिसतं की काय याची.

"काय करू?"

"धडपडा वो. दारातनं टेबलापर्यंत जायच्या वाटेवर मधोमध एक खुर्ची ठेवलीय. मी फटीतनं बघितलं. शितोळे साहेबांनी सोता उचलून ठेवली. तुम्ही तिला धडकायचं, संपला विषय. फक्त गुडघा सांभाळा, चार वाजता धावायचंय."

माणिक पाटोळे माझा गाइड. धावताना आमच्या दोघांत एक आखूड दोरी असते, एक टोक त्याच्या बोटांत, एक माझ्या. वळण आलं की तो 'वळण' म्हणतो, शेवटचा सरळ पट्टा आला की 'आता' म्हणतो, आणि मग मी अंगात उरलंसुरलं सगळं ओतते. वर्षभर आम्ही विट्याच्या हायस्कूलच्या मैदानावर हेच केलं होतं. पोरं क्रिकेट खेळायला यायच्या आत मैदान मोकळं असायचं, तेवढ्यात. त्या दिवशी चार वाजता चारशे मीटरची अंतिम शर्यत होती. पहिली येणारी देशाच्या शिबिराला जाणार आणि तिथून परदेशातल्या स्पर्धेला. मी सत्तावीस वर्षांची होते. आदल्या वर्षी अगदी छातीभर अंतराने ती जागा माझ्या हातून गेली होती. पुढच्या वर्षी पाय असेच राहतील याची हमी मला कोण देणार होतं?

आणि त्या शर्यतीत उभं राहण्याआधी मी आंधळी आहे, हे मला पटवून द्यायचं होतं. ज्या गोष्टीवरून जन्मभर लोकांनी हाड्हाड केलं, नेमकी तीच.

तक्रार केली होती खटावकर सरांनी. ते दुसऱ्या जिल्ह्याचे प्रशिक्षक. त्यांची स्नेहल वाघचौरे नावाची मुलगी माझ्याच गटात धावायची. आदल्या दिवशी जेवणाच्या हॉलमध्ये हे गृहस्थ माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काय ताई, भाजी कशी काय आहे?" मी मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "तिखटजाळ आहे सर. दही घ्या, त्या टोकाला आहे." बघून म्हणाले, असंच म्हणते मी, आम्हीही हाच शब्द वापरतो. आणि हाताने टोक दाखवलं. तिथे मगापासून सगळे "दही वाढा, दही वाढा" म्हणून कालवा करत होते. दही कुठे आहे ते कळायला डोळे कशाला हवेत? पण खटावकर सरांना तेवढं पुरलं. त्यांनी निवड समितीच्या अध्यक्षांना गाठलं आणि सांगितलं, ही बाई बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघते. ही हाताने दिशा दाखवते. आणि हिच्या बांगड्या ड्रेसला मॅचिंग असतात.

हसू नका. बांगड्यांचा मुद्दा खरोखरच होता.

या तिन्ही गुन्ह्यांमागे एकच हात होता, माझ्या आईचा. आम्ही कासार. आई विट्याच्या बाजारात बांगड्या भरायची आणि मी तिच्या शेजारी पोत्यावर बसलेली असायची. मी वर्षाची असताना तापात माझे डोळे गेले. मला आठवतं ते बाजारातलं. कोणी माझ्याशी बोलायला लागलं की मी आपली खाली मान घालून जमिनीशी बोलायची. आई बांगड्यांनी खरबरीत झालेल्या हाताने माझी हनुवटी धरायची आणि वळवायची.

"त्वांड कर त्येच्याकडं. बोलतोय त्यो मानूस हाय, भित्ताड न्हवं."

उंच माणसाचा आवाज वरून येतो, तर मान तेवढी वर. बसलेल्या बाईचा खालून येतो, तर खाली. लहान मूल असलं तर आपण वाकायचं. हे सगळं तिने मला हनुवटी धरधरून शिकवलं, आणि कोणी काही विचारलं तर हाताने दिशा दाखवायलाही. प्रत्येक ड्रेसला त्याच्या बांगड्या रिबिनीने बांधून ठेवायची. कुठला रंग ते तोंडपाठ करून घ्यायची. बाजारात बायका म्हणायच्या, "कशाला छळती लेकराला? तिला काय दिसतंय का?" आई ताडकन म्हणायची, "तिला न्हाई दिसत. तुमास्नी दिसतंय न्हवं?"

तर अशा आईची मी मुलगी, आणि माणिक मला म्हणत होता, धडपडा.

बाकावर माझ्या दुसऱ्या बाजूला स्नेहल बसली होती. एकोणीस वर्षांची, भारी बडबडी पोरगी. तिलाही नेहमीच्या तपासणीसाठी बोलावलं होतं. तक्रार तिच्याच सरांनी केली हे तिला माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही. तिचा काय दोष?

"ताई, माणिकदादा बरोबर सांगतोय," ती म्हणाली. "आम्ही सगळेच धडकतो. मी तर मागच्या वर्षी टेबलावरचा पाण्याचा जगच पाडला. साहेबांची पँट ओली झाली. लगेच म्हणाले, जा बाळ जा, पुढची पाठवा."

ती खळखळून हसली. मला हसू आलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर (हाही आमचाच शब्द) ती सगळी रांग उभी राहिली. आंधळी पोरं, दोरीला धरून वाऱ्यासारखी धावणारी, आणि साहेबाच्या समाधानासाठी एकापाठोपाठ एक खुर्चीला धडकणारी.

"वैजयंता कासार!" आतून हाक आली.

खोलीत शितोळे साहेब होते, समितीचे अध्यक्ष. एक डॉक्टर होते. डोळ्यांचे डॉक्टर पहिल्या दिवशी येऊन, नारळ आणि शाल घेऊन निघून गेले होते. उरले ते डॉक्टर मुळ्ये, ते दातांचे. खिडकीपाशी खटावकर सर उभे होते. तंबाखूचा वास तिकडूनच येत होता.

"या, या ताई. अशा सरळ पुढे या," शितोळे साहेब म्हणाले. आवाज कसा, साखरेत घोळवलेला.

मी दारात उभी राहिले. खरं सांगते, धडकणं अजिबात अवघड नव्हतं. एवढं जन्मभर धडकलेय, त्यात आणखी एकदा. माणिकने आधी सांगितलं नसतं तर कदाचित धडकलेही असते आणि कोणाला काही बोलायला जागा राहिली नसती. दोन पावलं टाकायची, नडगी आपटायची, "आई गं" म्हणायचं, आणि चार वाजता ट्रॅकवर. एवढाच व्यवहार होता.

पण माझ्या हातून तो होईना. मला राग आला होता. नुसता राग नाही, अंगाची लाही लाही होत होती. मी सरळ चालत गेले, हात पुढे केला, खुर्चीची पाठ हाताला लागली. ती मी फिरवून टेबलापाशी ओढून घेतली, शितोळे साहेबांच्या आवाजाकडे तोंड केलं आणि तिच्यावर बसले.

"बसायला खुर्ची ठेवलीत, आभारी आहे साहेब."

 खिडकीपाशी खटावकर सर फुटलेच.

"बघितलंत? बघितलंत साहेब? मी काय सांगत होतो?"

"खुर्ची कशी दिसली तुम्हाला?" शितोळे साहेबांचा आवाज आता बदलला होता.

"दिसली नाही. आहे हे माहीत होतं."

"कसं माहीत होतं?"

मी काही बोलायच्या आत दारातून माणिक ओरडला, "मी सांगितलं साहेब! मी फटीतनं बघितलं न् मीच सांगितलं!"

"तू तिचाच माणूस. तू दुसरं काय सांगणार?" शितोळे साहेबांनी त्याला उडवून लावलं.

डॉक्टर मुळ्ये खुर्ची सरकवून उठले. त्यांनी माझ्या तोंडापुढे काहीतरी केलं असावं, कारण त्यांच्या बाहीचा वारा लागला.

"ही किती बोटं आहेत?"

"तुम्ही सांगाल तेवढी."

"सरळ उत्तर द्या ना बाई."

"सरळच देतेय डॉक्टर. मला उजेडसुद्धा कळत नाही. दाखला तुमच्या टेबलावर आहे. आणि एक सांगा, आमच्या गटात धावताना प्रत्येकीच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधतात. दिसणारी बाई आली तरी तिलाही तीच पट्टी. मग मला समजा दिसत असलं, तरी त्या पट्टीच्या आतून मी काय बघणार आहे?"

"मुद्दा तसा बरोबर आहे," डॉक्टर मुळ्ये पुटपुटले.

"नियम आहे डॉक्टर," शितोळे साहेब म्हणाले. "उद्या वर्तमानपत्रात आलं, डोळस बाई अंधांच्या गटात धावली, तर उत्तर कोण देणार? तुम्ही?"

डॉक्टर खाली बसले. शितोळे साहेबांनी थोडा वेळ टेबलावर बोटं वाजवली. ते काही दुष्ट माणूस नव्हते. त्यांना प्रकरण मिटवून जेवायला जायचं होतं. मग परत तो साखरेत घोळवलेला आवाज आला.

"हे बघा ताई, मलाही तुमचं नुकसान करायचं नाही. आपण असं करू. तुम्ही बाहेर जा आणि पुन्हा एकदा आत या. नीट या."

"नीट म्हणजे?"

"नीट म्हणजे... जशी आंधळी माणसं येतात तशी. जरा धडपडत या. कळलं ना?"

कळलं होतं. न कळायला काय झालं? वीस वर्षं एका बाईने बाजारात बसून जे शिकवलं होतं, ते दारात काढून ठेवून आत या, असं ते सांगत होते, आणि वर उपकार केल्यासारखं सांगत होते.

मी बाहेर गेले. माणिकने माझे दोन्ही हात धरले. 

"ताई, आता तरी ऐका. तुमच्या पाया पडतो. त्यांनीच तोंडानं सांगितलंय की. वर्षभर मी बी धावलोय तुमच्यासंगट."

हे त्याचं खरं होतं, आणि त्याच एका गोष्टीने मी डगमगले. शर्यत माझ्या एकटीची नव्हती. त्याने दूध डेअरीची सकाळची पाळी सोडली होती माझ्यासाठी. बापाच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

"माणिक, मला येत नाही रे तसं," मी म्हणाले. "कसं चालतात, ते मला कोणी शिकवलंच नाही."

मी दार ढकललं आणि पुन्हा आत गेले. मान सरळ, पाय सरळ, जशी एरवी चालते तशी. मनात म्हटलं, काय व्हायचं ते होऊ दे.

आणि मी धडकले.

खुर्ची मी टेबलापाशी सोडून आले होते. ती आता दारापासून हातभर अंतरावर आडवी टाकलेली होती. माझ्या पाठीमागे ती तिथे कोणी नेली, ते कोणी कबूल केलं नाही. पण मी पडले तेव्हा तंबाखूचा वास माझ्या अगदी जवळ होता. लोखंडी खुर्चीचा पाय नडगीवर बसला, मी तिच्यावरून पलीकडे कोसळले आणि हनुवटी फरशीवर आपटली. तोंडातून "आई गं" निघालं, आणि ते मी ठरवून काढलेलं नव्हतं.

"अरेरे," डॉक्टर मुळ्ये धावले. "लागलं का? रक्त येतंय."

"वा!" खटावकर सर म्हणाले, आणि चक्क टाळी वाजवली. "साहेब, मघाशी खुर्ची बरोबर सापडली. तुम्ही सांगितलंत तशी आता बरोबर धडकली. याला नाटक नाही तर काय म्हणायचं?"

"अहो, खरंच लागलंय तिला," डॉक्टर म्हणाले.

"नट्यांना लागत नाही का डॉक्टर?"

मी फरशीवर बसले होते. नडगीवरून ओघळ पायमोज्यात उतरत होता. वाटलं, आता शितोळे साहेब म्हणतील, पुरे झालं हे. त्यांनीच तर सांगितलं होतं धडपडायला! पण खटावकर सरांनी त्यांना पेचात पकडलं होतं. धडपडायचा सल्ला आपणच दिला, हे साहेबांना कबूल करता येईना.

"मुद्दाम धडकलात ताई तुम्ही," ते म्हणाले. "समितीची फसवणूक आहे ही."

"खुर्ची कोणी हलवली?" मी विचारलं.

"तो प्रश्न नाही."

"तोच प्रश्न आहे! नाही धडकले तर डोळस, धडकले तर नाटकी. मग तुमच्याकडे आंधळं कोण असतं, तेवढं मला सांगा. आंधळ्या माणसाने या खोलीत यायचं तरी कसं?"

 शितोळे साहेब भराभर लिहायला लागले आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागले. नेत्रतज्ज्ञांचा अहवाल येईपर्यंत सदर खेळाडूला स्पर्धेतून वगळण्यात येत आहे.

बाहेर स्नेहल अजून बाकावरच होती. माझी चाहूल ओळखून उठली.

"ताई, धडकलात ना?"

"धडकले."

"मग झालं की!"

"मुद्दाम धडकले म्हणतात."

 ती हळूच म्हणाली, "पण मुद्दाम तर आम्ही धडकतो."

"तुमचं खरं मानतात," मी म्हणाले.

चार वाजता शर्यत झाली. माणिक म्हणत होता, चला, बस धरू. मी हलले नाही. पायऱ्यांवर बसून ऐकत राहिले. बंदुकीचा आवाज, दोरीला धरून पडणारी जोडीजोडीची पावलं, गाइड लोकांची हाळी, आणि शेवटच्या पट्ट्यावर एकच गलका. स्नेहल पहिली आली. चांगली धावली पोरगी. तिची वेळ भोंग्यावर सांगितली तेव्हा माणिकने माझ्या शेजारी बसल्या बसल्या पायरीवर मूठ आपटली. मी सरावात रोज त्या वेळेच्या आत यायची, हे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

अहवाल यायला महिना लागला. मोठ्या सरकारी इस्पितळात दोन दिवस बसवून तीन डॉक्टरांनी माझे डोळे तपासले. तोवर स्नेहल शिबिरात दाखल झाली होती आणि परदेशी जाणाऱ्या संघाची नावं पक्की झाली होती. मग एके दुपारी शितोळे साहेबांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"अभिनंदन ताई! अहवाल आला. शंभर टक्के! तुम्हाला काहीसुद्धा दिसत नाही. उजेडसुद्धा नाही. आता काळजीच मिटली. पुढच्या वर्षी बिनधास्त धावा."

"आणि यंदा?"

"यंदाचं आता काय, झालं ते झालं. मनात काही ठेवू नका. तुम्ही रीतसर आंधळ्या आहात, कोणाच्या बापाला घाबरायचं कारण नाही."

मी फोन ठेवला. आई जवळच बसून बाजाराच्या बांगड्या लावत होती. शर्यत का गेली ते मी तिला धड सांगितलंच नव्हतं. पाय दुखावला म्हणाले होते, आणि नडगी बघून तिचा विश्वास बसला होता. पण माणिकने परस्पर सगळं सांगून टाकलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"काय म्हनत हुता त्यो सायब?"

"मला दिसत न्हाई, आसं ठरलं म्हनं. अभिनंदन केलं."

ती चिडेल, त्याचा सात पिढ्यांचा उद्धार करेल, अशी मी वाट बघत होते. बाजारात कोणी मला वेडंवाकडं बोललं तर बांगड्यांची टोपली टाकून भांडायला उठणारी बाई ती.  पण नुसता बांगड्यांचा आवाज थांबला. मी सवयीने तिच्याकडे तोंड केलं. तशी तिने पुढे होऊन माझी हनुवटी धरली. तिथे जखमेचा वण राहिला होता.

"माझंच चुकलं वैजू," आई म्हणाली. "तुला आंधळ्यावानी ऱ्हायला शिकवाय पायजे हुतं. मीच तुजं वाटुळं केलं."

"आई, आसं नगं म्हनू."

"तसं ऱ्हायली आसतीस तर इमानात बसली आसतीस आज."

मी तिच्या हातावर हात ठेवला. खूप बोलले, भांडले, शेवटी रडले. तिला पटलं नाही.

पुढे मी सहा वर्षं धावले. माणिकच्या दोरीला धरून देशासाठीही धावले, पदकं आणली, खुद्द शितोळे साहेबांनी व्यासपीठावर माझा सत्कार केला. लोक विचारतात, तुमच्या मनात त्यांच्याबद्दल राग आहे का? गेलेल्या शर्यतीचा नाही. ती मी कधीच सोडून दिली. पण त्या माणसांनी माझ्या आईच्या तोंडून ते वाक्य काढलं, त्याची माफी मी देणार नाही, आणि ती मागायला अजून कोणी आलेलंही नाही.

प्रत्येक पदक मी आधी तिच्या हातात द्यायची. ती ते चाचपायची, पदराने पुसायची आणि म्हणायची, "आनि त्ये एक माझ्यामुळं गेलं." आई गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत तिला वाटत राहिलं, की चूक तिचीच होती.